दयाळाच्या भांडणातून संप्रेरकं कशी ओळखावीत

दयाळ या गाणाऱ्या पक्ष्याच्या वागण्यावरून त्याच्या शरीरातल्या संप्रेरकांचा (हार्मोन्सचा) अंदाज घेता येतो, आणि त्यासाठी येऊरचं जंगल गाठायला नको. ठाण्यातली आमच्या उपवन तलावाकडची झाडं पुरेत. मार्चपासून पावसाच्या तोंडापर्यंत कधीही जा, पण उजाडायच्या आत. काळा-पांढरा नर शेंड्यावर नाहीतर एखाद्या गच्चीच्या कठड्यावर बसून गातो, मादी राखाडी. एकच नर निवडा आणि त्याचाच पिच्छा पुरवा.

वहीत लिहा: कुठून गातो, कोणावर धावून जातो, चोचीत अळी आहे का. अळीची नोंद सगळे विसरतात, आणि मला विचाराल तर तीच सर्वात कामाची.

कारण असं. दिवस मोठा होऊ लागला की मेंदूच्या इशाऱ्यावर वृषणं वाढतात, टेस्टोस्टेरॉन हे नराचं संप्रेरक चढतं, गाणं आणि हद्दीची राखण जोर धरते. पक्ष्यांच्या संप्रेरकांचे अभ्यासक जॉन विंगफील्ड आणि सहकाऱ्यांनी १९९० साली मांडलं, की परका नर घुसला की टेस्टोस्टेरॉन आणखी चढतं; पिल्लांना भरवणाऱ्या बापात मात्र उतरतं. म्हणजे भांडणही संप्रेरक वाढवतं, नुसतं उलट नाही! दयाळाचा नरही पिल्लांना भरवतो. तेव्हा अळी दिसू लागल्यावर त्याचं गाणं आणि मारामाऱ्या कमी होतात का, ते ताडून बघा.

मोबाइलवर आवाज लावून त्याला डिवचू नका. विणीच्या दिवसांत हा चक्क छळ आहे, शिवाय तुमची नोंदही बिघडते.

वहीतून मिळतो तो अंदाज. प्रत्यक्ष मोजणी रक्तातून किंवा विष्ठेतल्या अवशेषांवरून प्रयोगशाळेत होते, आणि नमुने घ्यायला वनखात्याची परवानगी लागते.