मीटिंग रूमसाठी स्क्रीन घेताय? माप शेवटच्या खुर्चीवरून घ्या

सहा-आठ जणांच्या मीटिंग रूमसाठी स्क्रीन घ्यायची ठरली की बोलणं लगेच ‘किती इंची’ आणि ‘कुठल्या कंपनीची’ यावर येतं. हे प्रश्न नंतरचे. आधी टेप घेऊन खोलीत जा आणि स्क्रीन ज्या भिंतीवर लागणार तिथपासून सगळ्यात लांबच्या खुर्चीपर्यंतचं अंतर मोजा. त्या खुर्चीत बसलेल्याला आकडे वाचता येत नसतील, तर तो मीटिंगला असून नसल्यासारखाच.

आकार कसा काढायचा

तुमच्या मीटिंगमध्ये स्क्रीनवर नक्की काय असतं ते आठवा. एक्सेलचे तक्ते, नकाशे, ड्रॉइंग असं बारीक काम असेल, तर शेवटची खुर्ची स्क्रीनच्या उंचीच्या चौपट अंतराच्या आत हवी. मोठ्या अक्षरांची प्रेझेंटेशनच असतील, तर सहापटीपर्यंत चालतं. इथे उंची म्हणजे चित्राची उभी उंची. कंपनी सांगते ते इंच कर्णाचे असतात. ५५ इंची स्क्रीनची उंची साधारण ६८ सेंटीमीटर, ६५ इंचीची ८१, ७५ इंचीची ९३ आणि ८६ इंचीची १०७. म्हणजे तक्त्यांसाठी ६५ इंची स्क्रीन सव्वातीन मीटरपर्यंत पुरते, ७५ इंची पावणेचार मीटरच्या जरा आतपर्यंत. प्रेझेंटेशनसाठी ५५ इंचीसुद्धा चार मीटरवरून नीट दिसते.

नुसत्या हिशेबावर थांबू नका. भिंतीवर मास्किंग टेपने १४४ बाय ८१ सेंटीमीटरचा चौकोन आखा. ही झाली ६५ इंची स्क्रीन. मग एका कागदावर ३० पॉइंटच्या आसपास आकड्यांच्या दोन-तीन ओळी छापा आणि तो कागद चौकोनात चिकटवा. हे आकडे साधारण ७ मिलिमीटर उंच येतात. ६५ इंची स्क्रीनवर फुल एचडीमध्ये (म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके) एक्सेलचा नेहमीचा ११ पॉइंटचा आकडा जवळपास तेवढाच दिसतो. आता शेवटच्या खुर्चीत बसून वाचा. ३ आणि ८ यांत गल्लत होत असेल, तर मोठी स्क्रीन घ्या किंवा टेबल पुढे सरकवा. ऑफिसात चष्मा लावणारं कुणी असेल तर त्यांनाही वाचायला बसवा, त्यांचं मत जास्त कामाचं.

फोरकेबद्दल एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. फोरके म्हणजे त्याच मापात फुल एचडीच्या आडवे-उभे दुप्पट ठिपके. अशी स्क्रीन घेतली म्हणून अक्षरं मोठी होत नाहीत. लॅपटॉपचं स्केलिंग, म्हणजे अक्षरं किती पट मोठी दाखवायची ती सेटिंग, १०० टक्क्यांवर राहिलं, तर तोच ७ मिलिमीटरचा आकडा साडेतीनवर येतो आणि मागच्यांना काहीच दिसत नाही. स्केलिंग २०० टक्के करा. आकडा पुन्हा मूळ मापावर येतो आणि कडाही जास्त रेखीव दिसतात. फोरके जरूर घ्या, पण ते रेखीवपणासाठी.

टीव्ही, कमर्शियल डिस्प्ले की प्रोजेक्टर

छोट्या खोलीत मी प्रोजेक्टर सुचवत नाही. त्याचा काळा रंग पडद्यावर पडणाऱ्या उजेडापेक्षा गडद होऊ शकत नाही, म्हणून दिवे मालवावे लागतात आणि समोरच्याचा चेहरा दिसेनासा होतो. व्हिडिओ कॉलवर तर तुमचीच खोली अंधारी दिसते.

उरले टीव्ही आणि कमर्शियल डिस्प्ले. दिवसाला दोन-तीन मीटिंग होत असतील तर चांगला टीव्ही पुरतो. मात्र खरेदीआधी वॉरंटीच्या अटी वाचा, कारण घरगुती टीव्हीच्या वॉरंटीतून ऑफिसचा वापर अनेकदा वगळलेला असतो. स्क्रीन दिवसभर चालू राहणार असेल तर कमर्शियल डिस्प्लेच घ्या. तो दिवसाला १६ किंवा २४ तास चालण्यासाठीच बनवलेला असतो. ओएलईडी (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो असा पडदा) टाळा, कारण एकच चित्र तासन्‌तास राहिलं तर त्याचा डाग कायमचा उमटू शकतो.

टेबलाच्या कडेला, स्क्रीनच्या अगदी जवळ बसणाऱ्यांना ती तिरकी दिसते. आयपीएस आणि व्हीए हे एलसीडी पडद्याचे दोन प्रकार. अशांसाठी आयपीएस पॅनेल बरं. व्हीए पॅनेलवर बाजूने रंग फिके पडतात. समोर खिडकी असेल तर चकचकीत काच नको, मॅट फिनिश घ्या.

टीव्हीला लॅपटॉप जोडल्यावर टास्कबार अर्धा कापला जातोय का? पिक्चर सेटिंगमध्ये ओव्हरस्कॅन (चित्र थोडं मोठं करून कडा कापणं) बंद करा. लाल अक्षरांच्या कडा पुसट दिसत असतील तर त्या एचडीएमआय इनपुटचा प्रकार ‘पीसी’ असा निवडा. बऱ्याचदा यानेच काम होतं आणि टीव्हीला उगाच लागलेला बोल टळतो.

भिंतीवर किती उंचीवर

स्क्रीनची खालची कड जमिनीपासून ९० सेंटीमीटर ते १ मीटरवर ठेवा. त्याहून खाली गेली तर उघड्या लॅपटॉपच्या झाकणांआड शेवटच्या ओळी लपतात, फार वर गेली तर माना दुखतात. भिंत जिप्समची असेल तर आतून प्लायचा आधार दिल्याशिवाय मोठी स्क्रीन टांगू नका.

कॅमेरा स्क्रीनच्या लगत, वर किंवा खाली मध्यभागी लावा. तो बाजूच्या भिंतीवर असला की पलीकडच्यांना सगळे भलतीकडेच बघताना दिसतात. रोजच्या मीटिंगमध्ये अर्धी माणसं ऑनलाइन असतील, तर एका मोठ्या स्क्रीनऐवजी शेजारीशेजारी दोन स्क्रीनचा विचार करा: एकीवर माणसं, दुसरीवर फाइल. पण आकाराचा हिशेब फाइलच्या स्क्रीनला आहे तसाच लागू राहतो.

केबल

रोजचा मनस्ताप स्क्रीनपेक्षा केबलमुळे जास्त होतो, म्हणून इथे वेळ द्या. समजा टेबल भिंतीपासून फक्त अडीच मीटरवर आहे. केबल स्क्रीनपासून खाली १.२ मीटर येते, जमिनीतून २.५ मीटर जाते, टेबलावर ०.८ मीटर चढते आणि लॅपटॉपपर्यंत फिरवायला निदान १ मीटर सैल लागते. झाले साडेपाच मीटर. साधी तांब्याची एचडीएमआय केबल फोरके ६० हर्ट्झसाठी (सेकंदाला ६० चित्रं) पाच मीटरच्या आसपासच भरवशाची असते. पुढे स्क्रीन मधूनच काळी होणं, लुकलुकणं सुरू होतं. अशा वेळी ऑप्टिकल एचडीएमआय केबल, म्हणजे तांब्याऐवजी प्रकाशाच्या तंतूतून चित्र नेणारी, घ्या. ती एकाच दिशेने चालते. एका टोकावर सोर्स (लॅपटॉपची बाजू), दुसऱ्यावर डिस्प्ले (स्क्रीनची बाजू) लिहिलेलं असतं. पाइपात ओढण्याआधी ते वाचा, नाहीतर सगळी केबल परत बाहेर काढावी लागते.

पाइप जाड घाला, कारण एचडीएमआयचं डोकं वळणावर अडकतं. आत एक नायलॉनची दोरी सोडून ठेवा, म्हणजे पुढे दुसरी केबल ओढता येईल.

टेबलावर एचडीएमआयबरोबर यूएसबी-सीची सोयही हवी. मात्र लॅपटॉपच्या प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर येतंच असं नाही, काही पोर्ट फक्त चार्जिंग आणि डेटाचे असतात. एचडीएमआयची केबल म्हणूनच काढून टाकू नका.

वायरलेस जोडणी सोयीची आहे, पण ती जोडीला ठेवा. एअरप्ले (अ‍ॅपलची) किंवा गूगल कास्ट या वायरलेस पद्धतींसाठी लॅपटॉप आणि स्क्रीन एकमेकांना नेटवर्कवर दिसावे लागतात, आणि पाहुण्यांच्या वायफायवर सुरक्षेसाठी नेमकं तेच बंद केलेलं असतं. नेटवर्क सांभाळणाऱ्यांशी खरेदीआधी बोलून घ्या.

स्क्रीन भिंतीवर चढवण्याआधी ती टेबलावर उभी करून विंडोज आणि मॅक दोन्ही लॅपटॉप त्याच केबलने जोडून बघा, तासभर एक व्हिडिओ चालू ठेवा आणि एक कॉल करून आवाज ऐका. टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतात. आवाज घुमत असेल तर स्पीकरफोनचा खर्च याच बजेटमध्ये धरा.