मदत कधी मागावी आणि कशी मागावी

विद्यापीठात शिकताना अभ्यासाची अडचण आणि मनाची अडचण क्वचितच एकेकट्या येतात. झोप उडाली की सकाळचे व्याख्यान चुकते, व्याख्यान चुकले की असाइनमेंट राहते, ती राहिली की शिक्षकांसमोर उभे राहण्याचा संकोच वाटू लागतो आणि त्या संकोचापायी पुढचे व्याख्यानही बुडते. म्हणून निकाल लागण्याची वाट न पाहता, सलग दोन आठवडे काम मागे पडत आहे असे लक्षात आले की त्याच आठवड्यात कोणाशी तरी बोलावे.

बोलण्यापूर्वी अडचण दोन-तीन ओळींत लिहून काढावी. ‘मला काहीच जमत नाही’ एवढ्यावरून कोणालाच मदत करता येत नाही. ‘संख्याशास्त्राच्या तिसऱ्या प्रकरणापासून उदाहरणे सुटत नाहीत आणि दोन सबमिशन राहिली आहेत’ असे लिहिले की कोणाकडे जायचे ते आपोआप कळते. विषय समजत नसेल तर त्या विषयाच्या शिक्षकांकडे, हजेरी किंवा नियमांचा प्रश्न असेल तर विभागाच्या कार्यालयात, संदर्भ सापडत नसतील तर ग्रंथपालांकडे (त्यांना विद्यार्थी फारच कमी विचारतात) आणि मन थाऱ्यावर नसेल तर समुपदेशकांकडे जावे.

मुदतवाढ हवी असल्यास ती मुदत संपण्यापूर्वी, आणि लेखी मागावी. मजकूर एवढा पुरतो: ‘सर, गेले ८ दिवस आजारी असल्यामुळे प्रयोगाचा अहवाल पूर्ण झालेला नाही. निरीक्षणे घेऊन झाली आहेत, विश्लेषण बाकी आहे. शुक्रवारऐवजी पुढच्या मंगळवारी अहवाल दिला तर चालेल का? वैद्यकीय प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.’ यात झालेले काम, राहिलेले काम आणि नेमका दिवस आहे, त्यामुळे शिक्षकांना लगेच निर्णय घेता येतो. आजाराचा किंवा घरगुती अडचणीचा सगळा तपशील सांगण्याची गरज नसते.

मागे पडलेला अभ्यास भरून काढताना पहिल्या पानापासून सुरुवात करण्याचा मोह टाळावा, कारण तोवर वर्ग आणखी पुढे गेलेला असतो. आज जे शिकवले जात आहे ते धरावे आणि त्यासाठी लागेल तेवढेच मागचे वाचावे. वाचून झाल्यावर वही मिटून आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहावे, आणि तीच उजळणी दुसऱ्या दिवशी व आठवड्याने पुन्हा करावी. शिकलेले सुरुवातीलाच सर्वाधिक वेगाने विसरले जाते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्येच दाखवले होते. तरुण वयात साधारणपणे ७ ते ९ तासांची झोप लागते. ती कापून केलेले पाठांतर पक्के होत नाही, कारण स्मृती घट्ट होण्याचे बरेचसे काम झोपेतच चालते.

समुपदेशकांकडे जाण्यासाठी आजारी असावे लागत नाही. पहिल्या भेटीत बहुधा झोप, भूक, घर, अभ्यास आणि हे केव्हापासून सुरू आहे, असे साधे प्रश्न विचारले जातात. सांगितलेले गुप्त राहते. मात्र जिवाला धोका असल्यास समुपदेशकांना इतरांना कळवावे लागते, आणि याचे नेमके नियम सुरुवातीलाच विचारून घ्यावेत. एका समुपदेशकाशी सूर जुळला नाही तर दुसरे मागण्यात काहीही गैर नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ उदास वाटत असेल किंवा आवडत्या गोष्टींतही रस उरला नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, तर भेटीची वेळ मिळण्याची वाट पाहू नये. त्याच क्षणी जवळच्या व्यक्तीला सांगावे, एकटे राहू नये आणि तातडीच्या वैद्यकीय सेवेशी संपर्क साधावा.

खोलीतला सोबती वर्गात येईनासा झाला, जेवायला उठेनासा झाला, तर ‘काय झालंय?’ असे सरळ विचारावे आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसावे. तो समुपदेशकांकडे जायला तयार झाला तर नुसता पत्ता सांगून थांबू नये. त्याच्यासोबत जावे आणि त्याची भेट संपेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसावे.