गेमिंग पीसी जुळवताना कंपन्यांच्या सहकार्याचा फायदा कसा करून घ्यावा

पीसीवर खेळणाऱ्याची एक अडचण कन्सोलवाल्याला कधीच येत नाही, ती म्हणजे त्याचे यंत्र कोणा एका कंपनीचे नसते. प्रोसेसर एकाचा, ग्राफिक्स कार्ड दुसऱ्याचे, मदरबोर्ड तिसऱ्याचा, मॉनिटर चौथ्याचा आणि या सगळ्यांवर विंडोज मायक्रोसॉफ्टची. या कंपन्यांनी एकत्र बसून काही ठरवले तर खेळ खरोखर सुधारतो का, याचे उत्तर शोधायचे असेल तर २००८ या एकाच वर्षातील दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

त्या वर्षी फेब्रुवारीत सॅन फ्रान्सिस्को येथील गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये पीसी गेमिंग अलायन्सची घोषणा मोठ्या थाटात झाली. इंटेल, एएमडी, एनव्हिडिया, मायक्रोसॉफ्ट, डेल, एसर, एपिक, अ‍ॅक्टिव्हिजन, रेझर अशी एकाहून एक नावे त्या यादीत होती. पुढे त्यातील काही मोठे सभासद बाहेर पडले, २०१४ मध्ये संस्थेचे नाव बदलले, आणि आज मॉनिटरच्या किंवा कार्डाच्या खोक्यावर तिचा शिक्का शोधूनही सापडत नाही. त्याच २००८ मध्ये कार्ड मदरबोर्डला ज्यातून जोडले जाते त्या पीसीआय एक्सप्रेसचे मानक सांभाळणाऱ्या पीसीआय-सिग या संस्थेने ‘रिसाइझेबल बार’ नावाची एक छोटीशी तांत्रिक दुरुस्ती मंजूर केली. तिची बातमी झाली नाही आणि गेमिंगच्या जगात बारा वर्षे तिच्याकडे फारसे कोणी पाहिलेही नाही. मात्र २०२० मध्ये एएमडीने ती वापरात आणल्यावर काही गेममध्ये त्याच कार्डातून, एक पैसाही जास्त न मोजता, थोडी जास्त गती मिळू लागली.

यावरून माझे मत असे झाले आहे की कंपन्यांचे सहकार्य जेव्हा दोन भागांच्या सांध्यावर, सर्वांना खुल्या असलेल्या मानकाच्या रूपात उतरते, तेव्हाच ते खेळणाऱ्यापर्यंत पोहोचते. व्यासपीठावरच्या हस्तांदोलनाने फ्रेम, म्हणजे सेकंदाला तयार होणारी चित्रे, वाढत नाहीत. अडचण इतकीच की ही मानके पुष्कळदा ‘ऑफ’ अवस्थेतच आपल्या घरी येतात. ती कशी ओळखावीत आणि कशी चालू करावीत, ते पुढे सांगितले आहे.

मॉनिटर आणि कार्ड यांचा सांधा

सर्वांत आधी इथे लक्ष द्यावे, कारण डोळ्यांना जाणवणारा फरक याच ठिकाणी सर्वांत मोठा असतो. ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा, साधा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी नवे चित्र मागतो. कार्डाला एखादी फ्रेम तयार करायला १८ मिलिसेकंद लागले, म्हणजे जेमतेम सव्वा मिलिसेकंदाचा उशीर झाला, तरी व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या फेरीशी जुळवणारे सेटिंग) चालू असल्यास त्या फ्रेमला पुढच्या फेरीपर्यंत, म्हणजे ३३.३ मिलिसेकंदांपर्यंत, थांबावे लागते आणि खेळ अडखळल्यासारखा वाटतो. व्ही-सिंक बंद केल्यास अर्धे चित्र जुने आणि अर्धे नवे दिसते, त्यालाच टेअरिंग म्हणतात. यावरचा उपाय सोपा होता: मॉनिटरने कार्डासाठी थांबावे. मात्र त्यासाठी दोन वेगळ्या उद्योगांचे एकमत होणे आवश्यक होते.

एनव्हिडियाने ऑक्टोबर २०१३ मध्ये हा उपाय जी-सिंक या नावाने आणला, पण त्यासाठी मॉनिटरमध्ये तिचे स्वतःचे मॉड्यूल बसवावे लागे आणि त्यामुळे मॉनिटरची किंमत चांगलीच वाढे. मे २०१४ मध्ये व्हेसा या डिस्प्लेची मानके ठरवणाऱ्या संस्थेने हीच सोय ‘अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक’ या नावाने डिस्प्लेपोर्ट १.२ए मध्ये समाविष्ट केली. एएमडीचे फ्रीसिंक याच पायावर उभे राहिले आणि त्याचे मॉनिटर २०१५ मध्ये बाजारात आले. एकाच गोष्टीची दोन दुकाने सुमारे चार वर्षे चालली. एनव्हिडियाचे कार्ड घेणाऱ्याला स्वस्त फ्रीसिंक मॉनिटरचा उपयोग नव्हता आणि एकदा जी-सिंक मॉनिटर घेतला की कार्ड बदलणे जिवावर येई. शेवटी जानेवारी २०१९ मध्ये एनव्हिडियाने जीटीएक्स १० मालिकेपासून पुढच्या कार्डांना अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंकची मुभा दिली. त्या वेळी तिने ४०० मॉनिटर तपासल्याचे आणि त्यांपैकी केवळ १२ आपल्या कसोटीला उतरल्याचे सांगितले होते. त्या आकड्यात थोडा व्यापारी अभिनिवेश असेलही; पण मानक असणे वेगळे आणि ते नीट पाळणे वेगळे, हा त्यातला मुद्दा खरा आहे.

म्हणून मॉनिटर घेताना केवळ ‘फ्रीसिंक’ हा शब्द वाचून थांबू नये, तर कोणत्या हर्ट्झपासून कोणत्या हर्ट्झपर्यंत तो साथ देतो हा पल्ला कंपनीच्या तपशीलपत्रात पाहावा. ४८ ते १४४ असा पल्ला असेल आणि खेळ ४० फ्रेमवर घसरला, तर ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवून मॉनिटरला ८० हर्ट्झवर ठेवतो आणि चित्र सुरळीत राहते. पल्ला ४८ ते ७५ असेल तर हे शक्य होत नाही, कारण दुप्पट केलेला आकडा ७५ च्या पलीकडे जातो. परिणामी नेमक्या अडचणीच्या क्षणी ही सोय साथ सोडते. वरचा आकडा खालच्या आकड्याच्या निदान दुप्पट, शक्य तर अडीचपट असावा. व्हेसाने मे २०२२ पासून सुरू केलेल्या ‘अ‍ॅडॅप्टिव्हसिंक डिस्प्ले’ प्रमाणपत्रात ६० ते १४४ हर्ट्झ हा पल्ला किमान मानलेला आहे आणि चाचणी कारखान्यातून आलेल्या मूळ सेटिंगवर केली जाते, त्यामुळे तो शिक्का असलेला मॉनिटर डोळे मिटून नव्हे, पण निर्धास्तपणे घ्यायला हरकत नाही.

जोडणी करताना शक्यतो डिस्प्लेपोर्टची केबल वापरावी. एचडीएमआयच्या बाबतीत ‘२.१’ या आकड्यावर विसंबून राहू नये, कारण त्या मानकातील बहुतेक नव्या सोयी ऐच्छिक आहेत आणि त्या नसतानाही तो आकडा छापता येतो. व्हीआरआर (मॉनिटरने कार्डासाठी थांबण्याची हीच सोय) आहे की नाही आणि किती रिझोल्यूशनला किती हर्ट्झ मिळतात, एवढेच विचारावे. लिनक्सवर एएमडीचे कार्ड वापरणाऱ्यांनी तर हे विशेष लक्षात ठेवावे: एएमडीने मुक्त (ओपन-सोर्स) ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय २.१ आणण्याची तयारी केली होती, पण ते मानक सांभाळणाऱ्या एचडीएमआय फोरमने ती मान्य केली नसल्याचे फेब्रुवारी २०२४ मध्ये समोर आले. बंद दाराआडचे मानक कसे वागते, याचा हा एक नमुना आहे.

केबल जोडल्यावर मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूमध्ये जाऊन फ्रीसिंक किंवा अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक चालू करावे. त्यानंतर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले या क्रमाने जाऊन रिफ्रेश रेट सर्वांत वरच्या आकड्यावर ठेवावा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन महिनोन्‌महिने ६० वर खेळणारे लोक कमी नाहीत. मग एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये जी-सिंक, किंवा एएमडीच्या अ‍ॅड्रेनलिन या सॉफ्टवेअरमध्ये फ्रीसिंक चालू करावे. शेवटी फ्रेमची मर्यादा कमाल आकड्याच्या थोडी खाली, म्हणजे १४४ साठी १४१ च्या आसपास, लावावी, म्हणजे खेळ पल्ल्याच्या बाहेर उसळत नाही.

प्रोसेसर आणि कार्ड यांचा सांधा

वर उल्लेख केलेला रिसाइझेबल बार येथे कामाला येतो. पूर्वीच्या पद्धतीत प्रोसेसरला कार्डाच्या मेमरीत एका वेळी २५६ मेगाबाइटच्या खिडकीतूनच डोकावता येत असे. कार्डावर ८ किंवा १६ गिगाबाइट असले तरी खिडकी तेवढीच. हे मानक ती खिडकी संपूर्ण मेमरीएवढी मोठी करते. फायदा प्रत्येक गेममध्ये सारखा नसतो, क्वचित उलटाही होतो, म्हणूनच एनव्हिडिया ही सोय निवडक गेमपुरतीच वापरते. इंटेलच्या आर्क कार्डांची गोष्ट वेगळी आहे: त्यांना याशिवाय गतीच येत नाही, त्यामुळे मदरबोर्ड जुना असेल तर आर्क कार्ड घेण्याच्या फंदात पडू नये.

चालू करण्यासाठी आधी मदरबोर्डच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून बायॉस (संगणक सुरू होताना चालणारे मदरबोर्डचे सॉफ्टवेअर) अद्ययावत करावा, नंतर बायॉसमध्ये ‘अबव्ह ४जी डीकोडिंग’ आणि ‘री-साइझ बार’ हे दोन्ही पर्याय चालू करून सीएसएम (जुन्या पद्धतीने संगणक सुरू करण्याची सोय) बंद करावे. येथे एक खबरदारी घ्यावी लागते. विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर असेल तर सीएसएम बंद होताच संगणक सुरूच होणार नाही; तेव्हा महत्त्वाच्या फायलींची प्रत काढून ठेवावी, विंडोजमधील एमबीआर२जीपीटी या साधनाने डिस्क बदलून घ्यावी आणि मगच बायॉसला हात लावावा. बिटलॉकर (विंडोजमधील डिस्कचे कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधीच लिहून ठेवलेली बरी. सोय खरोखर चालू झाली की नाही, हे एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमधील सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये किंवा जीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये दिसते.

रॅमचे काम याहून सोपे आहे. खोक्यावर ६००० लिहिलेली डीडीआर५ रॅम बसवली तरी ती सुरुवातीला जेडेक या मेमरीची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मूळ मानकानुसार ४८०० सारख्या गतीवर चालते. बायॉसमध्ये इंटेलचे एक्सएमपी किंवा एएमडीचे एक्स्पो हे प्रोफाइल निवडल्यावरच पूर्ण गती मिळते. दोन कांड्या असतील तर त्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवाव्यात.

वीजपुरवठा: जेथे मानक मध्येच संपते

इंटेलने १९९५ मध्ये मांडलेल्या एटीएक्स मानकामुळे कोणत्याही कंपनीचा पॉवर सप्लाय कोणत्याही बोर्डाला बसतो, आणि याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की ते मानक कुठे संपते याचा विसर पडतो. केबलचे जे टोक बोर्डात किंवा कार्डात जाते ते प्रमाणित असते. मॉड्यूलर (केबल सुट्या करता येणाऱ्या) पॉवर सप्लायच्या बाजूचे टोक मात्र प्रमाणित नसते. दोन कंपन्यांच्या केबल दिसायला सारख्या असल्या, एकमेकींच्या खाचेत बसल्या, तरी आतील तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि बटण दाबताच डिस्क किंवा कार्ड जळू शकते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन वापरलेला पॉवर सप्लाय घेताना मूळ केबल मिळत नसतील तर तो सौदा सोडून द्यावा, आणि ‘कुठलीही केबल चालते’ असे दुकानदार म्हणाला तर दुकानही सोडावे.

एकमताने ठरलेले मानकही सदोष निघू शकते. सोळा पिनांचा १२व्हीएचपीडब्ल्यूआर कनेक्टर ६०० वॅटपर्यंत वीज नेण्यासाठी आखला होता, पण २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० कार्डांवर तो वितळल्याच्या तक्रारी आल्या. त्यानंतर सुधारलेल्या १२व्ही-२×६ मध्ये संवेदक पिना आखूड केल्या, जेणेकरून प्लग पुरता न बसल्यास कार्ड पूर्ण भार घेणारच नाही. तरीही प्लग शेवटपर्यंत दाबावा, बाजूने पाहून फट राहिलेली नाही याची खात्री करावी आणि कनेक्टरच्या अगदी जवळ केबल वाकवू नये.

नावाचे सहकार्य कसे ओळखावे

मार्च २०१८ मध्ये एनव्हिडियाने आपल्या भागीदार कंपन्यांसाठी जीफोर्स पार्टनर प्रोग्राम आणला होता. त्यामुळे ग्राहकांच्या ओळखीचे गेमिंग ब्रँड एकट्या जीफोर्सच्या, म्हणजे एनव्हिडियाच्या कार्डांच्या, पदरात जातील अशी टीका झाली आणि मे महिन्यात तो मागे घेण्यात आला. तोही सहकार्याचाच करार होता. म्हणून खोक्यावर दोन कंपन्यांची बोधचिन्हे शेजारी दिसली, किंवा गेमच्या सुरुवातीला एखाद्या चिप-कंपनीचे नाव झळकले, तर एवढेच पाहावे की ती सोय दुसऱ्या कंपनीच्या भागावर चालते का. डीएलएसएस या अपस्केलिंगच्या, म्हणजे कमी रिझोल्यूशनचे चित्र मोठे करण्याच्या, सोयीला एनव्हिडियाचे आरटीएक्स कार्ड लागते. एएमडीच्या एफएसआरचे तिसऱ्या आवृत्तीपर्यंतचे अपस्केलिंग आणि इंटेलचे एक्सईएसएस इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालतात. डीएलएसएसचे चित्र बहुधा अधिक नेटके असते, हे मान्य करायला हवे. केवळ ते एका कंपनीचे आहे म्हणून हातचे सोडू नये. मात्र कार्ड दोन वर्षांत बदलते आणि मॉनिटर सात-आठ वर्षे टिकतो, त्यामुळे बंदिस्त सोय कार्डात असली तर चालेल, मॉनिटरमध्ये नको.

हे सर्व एकाच दिवशी चालू करू नये. एक सेटिंग बदलावे, ज्या गेममध्ये बेंचमार्क (गती मोजणारी चाचणी) आहे त्यात तो तीनदा चालवावा, सरासरी फ्रेमइतकेच लक्ष ‘१ टक्का लो’ (सर्वांत संथ एक टक्का फ्रेमची गती) या आकड्याकडे द्यावे, आणि मगच पुढच्या सेटिंगकडे वळावे. एक्स्पो आणि रिसाइझेबल बार एकदम लावले आणि संगणक बंद पडू लागला, तर दोष कोणाचा हे शोधण्यात रविवार जातो.