टॉन्सिल, जीभ, घसा: रेडिएशनची कोणती पद्धत, हे कागदावर कसे ताडून पाहावे

आधी एक कोरा कागद घ्या, पण त्यावर मशीनचे नाव लिहू नका. माझ्या धाकट्या भावाला टॉन्सिलचा कर्करोग असल्याचे फोंड्यात कळले, तेव्हापासून जो तो मशीनच सुचवत होता. अमक्याकडे नवीन आलेय, कोबाल्टच्या जुन्या मशीनच्या वाटेला जाऊ नका, ऐपत असेल तर प्रोटॉनच करा. मी जन्मभर हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवले. किरणांची भीती नव्हती. विचारायचे काय, तेवढे ठरवायला मात्र बसावे लागले.

पहिली ओळ: गाठ नेमकी कुठे आणि तिच्या शेजारी काय? घशातल्या गाठीजवळ लाळग्रंथी, मज्जारज्जू, जबडा, गिळण्याचे स्नायू, सगळी दाटीवाटी. गाठीला साधारण 70 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचे एकक) द्यायचे असतात, रोज 2 ग्रे, सोमवार ते शुक्रवार, असे सात आठवडे. ऑपरेशननंतर देत असतील तर बहुधा 60 ते 66. कानाखालच्या लाळग्रंथीला मात्र सरासरी 26 ग्रेच्या आसपासच थोपवायला पाहतात. त्यापुढे लाळ परतण्याची आशा कमी होत जाते. म्हणून पद्धती ताडायच्या त्या शेजाऱ्यांच्या बाजूने.

जुन्या पद्धतीत दोन्ही गालांकडून सरळ झोत येतात आणि वाटेतल्या लाळग्रंथी भाजून निघतात. थ्रीडी-सीआरटीत झोत गाठीच्या आकाराप्रमाणे कापलेला असतो. आयएमआरटीत त्याच झोताची तीव्रता जागोजागी कमीजास्त करता येते, म्हणून मात्रा लाळग्रंथीला वळसा घालून जाते. ब्रिटनमधल्या पार्सपोर्ट चाचणीचे आकडे 2011 साली आले. वर्षभरानंतर तोंडाच्या त्रासदायक कोरडेपणाचे प्रमाण जुन्या पद्धतीत 74 टक्के, आयएमआरटीत 38. जगण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. जास्तीचे पैसे मोजताना ते कशाचे हे त्यावरून कळते: लाळेचे. रोज सकाळी पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, वाट पाहणाऱ्या घरात, पाव पाण्याशिवाय गिळता येणे ही लहान गोष्ट नाही.

व्हीमॅट हे आयएमआरटीचेच भावंड. मशीन रुग्णाभोवती फिरता फिरता मात्रा देते, त्यामुळे काही मिनिटांत उरकते. रोगावर ते अधिक प्रभावी ठरते असे नाही; पण डोके हलू नये म्हणून चेहऱ्यावर घट्ट मास्क बांधून, घट्ट लाळ गिळत पडून राहणाऱ्याला ती मिनिटे कळतात.

प्रोटॉन पद्धतीत एक्स-रेऐवजी प्रोटॉनचे कण वापरतात. हा कण ठरावीक खोलीवर थांबतो, पलीकडे जवळजवळ काही जात नाही. कवटीच्या तळाची गाठ, लहान मूल, किंवा त्याच जागी दुसऱ्यांदा रेडिएशन असेल तर खारघरच्या अॅक्ट्रेकला (टाटा मेमोरियलचे केंद्र) किंवा चेन्नईच्या प्रोटॉन केंद्राला विचारणा जरूर करा. बाकीच्यांनी सात आठवडे घर सोडून राहण्याचा हिशेब आधी मांडावा. उलट, स्वरयंत्राच्या पट्टीवर अगदी सुरुवातीची छोटी गाठ असेल तर साधे लहान झोतही पुरतात. तिथे महागडे तंत्र मिळाले नाही म्हणून हळहळू नका.

डॉक्टरांपुढे बसल्यावर मी भावाच्या प्लॅनचा डीव्हीएच आलेख दाखवायला सांगितला. तुम्हीही सांगा. प्रत्येक अवयवाला किती मात्रा जाते ते त्यात दिसते. मज्जारज्जूची कमाल मात्रा 45 ते 50 ग्रेच्या आत आहे ना? लाळग्रंथी दोन्ही वाचतात की एकच? (गाठ चिकटून असेल तर एक सोडून द्यावी लागते, त्यात डॉक्टरांचा दोष नाही.) जागा जुळते का हे इमेज घेऊन किती वेळा तपासणार? वजन उतरून मास्क सैल झाला तर प्लॅन नव्याने करणार का? आणि मशीन बंद पडले तर बुडालेला दिवस कसा भरून काढणार? हा शेवटचा प्रश्न लोक विचारतच नाहीत. उपचार लांबला तर दर दिवसामागे रोग आटोक्यात राहण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने घटते, असा अंदाज आहे. बंद पडणाऱ्या उंची मशीनपेक्षा रोज चालणारे साधे आयएमआरटी मी निवडीन.

गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेचे कार्ड असेल तर त्यात कोणती पद्धत बसते, हे मास्क बनवण्याआधीच काउंटरवर विचारून घ्या. आणि त्याच्याही आधी दंतवैद्य. किडलेला दात काढायचा तर जखम भरायला दोनेक आठवडे हवेत. रेडिएशननंतर काढला तर जबड्याचे हाड कुजण्याचा धोका असतो. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटते, तेव्हा घरात उकड्या तांदळाची पातळ पेज तयार ठेवा. सोलकढी त्या दिवसांत नको, आंबट झोंबते.