उलट्या करणाऱ्या लेकराला जलसंजीवनी कशी पाजावी

पहिला मोठा पाऊस झाला आणि नळाला गढूळ पाणी आलं, की आठवड्याच्या आत आमच्या वस्तीवरून जुलाबाची पहिली हाक येते. आशा सेविका म्हणून बारा वर्षं मी या हाकांना धावते आहे. बहुतेक घरांत एकच तक्रार ऐकते, “ओआरएस दिलं, पण पोटात ठरतच नाही.” ओआरएस म्हणजेच जलसंजीवनी, पुडीतलं मीठ-साखर कालवलेलं पाणी. ते ठरतं. पाजायची पद्धत चुकते. पुडी पाण्यात मिसळणं कुणालाही जमतं. खरा कस पाजताना लागतो, आणि तिथं मी स्वतःच्या लेकराच्या बाबतीत चुकले होते.

आधी पोटात काय होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं पटेल. खाणं, पिणं, लाळ, जठरातला रस, पित्त असं सगळं मिळून मोठ्या माणसाच्या आतड्यात दिवसाला आठ-नऊ लिटर पाणी उतरतं. आतडी ते जवळजवळ सगळं परत शोषून घेतात. शौचावाटे जातं ते फार तर 100 ते 200 मिलिलिटर. हगवणीत हे गणित कोलमडतं आणि पाणी वाहून जाऊ लागतं. पण लहान आतड्याच्या अस्तरातली एक वाट बहुतेक वेळा चालू राहते. त्या वाटेनं मिठातलं सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आत जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणीही जातं. जलसंजीवनी याच वाटेवर चालते. साखर ठरलेल्या मापापेक्षा जास्त झाली, तर ती आतड्यातच साठून उलट शरीरातलं पाणी बाहेर ओढते. म्हणून कोल्ड्रिंक, पाकिटातले रस आणि ग्लुकोजची नुसती पावडर जुलाबात देऊ नका, हे मी ठामपणे सांगते.

तयार करणं सोपं आहे. हात धुवा, उकळून गार केलेलं एक लिटर पाणी मोजून घ्या, त्यात लिटरची पूर्ण पुडी घाला आणि ढवळा. 24 तासांनी उरलेलं ओतून द्या.

इथं फक्त एक चूक जिवावर बेतू शकते. लिटरची पुडी पेलाभर पाण्यात कालवू नका. “घट्ट केलं की लवकर गुण येतो” असं सांगणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. एवढं मीठ बाळाच्या रक्तात गेलं तर झटके येऊ शकतात. 200 मिलिलिटरच्या छोट्या पुड्याही मिळतात, म्हणून दर वेळी पुडीवरचं माप वाचा. घरात पुडी नसेल तर ती येईपर्यंत लिटरभर पाण्यात साखरेचे 6 सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा घाला. चमचा 5 मिलिलिटरचा, म्हणजे औषधाच्या बाटलीबरोबर येतो तो घ्या. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते ओतून पुन्हा करा.

आता पाजायचं.

माझा मुलगा तेव्हा अकरा महिन्यांचा होता. रात्री जुलाब सुरू झाले, पाठोपाठ उलट्या. मी पुडी व्यवस्थित कालवली आणि अर्धं फुलपात्र त्याच्या तोंडाला लावलं. तहानेनं कासावीस झालेलं लेकरू घटाघटा प्यायलं. मला बरं वाटलं. दोन मिनिटांत सगळं माझ्या अंगावर. पुन्हा पाजलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेनंतर मी हात टेकले आणि सकाळची वाट बघत बसले. सकाळी त्याचे डोळे खोल गेले होते आणि रडताना डोळ्यांत टिपूस नव्हता. दवाखान्यात सलाइनसाठी शीर सापडेना, तीनदा सुई टोचली. दुपारी तिथल्या एका सिस्टरनं माझ्या हातात वाटी-चमचा दिला आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं.

तिनं शिकवलं ते असं. उलटी झाली की दहा मिनिटं काहीही देऊ नका. मग एक चमचा द्या. घड्याळ बघून थांबा. दीड-दोन मिनिटांनी दुसरा चमचा. असंच चालू ठेवा. जठर एकदम भरून ताणलं की ते सगळं बाहेर फेकतं. चमचाभर पाणी मात्र हळूहळू खाली आतड्यात सरकतं आणि तिथं शोषलं जातं. मध्ये उलटी झालीच, तरी आधीचं बरंच आत गेलेलं असतं. घाबरू नका. पुन्हा दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा पहिल्या चमच्यापासून सुरू करा, या वेळी आणखी सावकाश.

बाळाला आडवं पाडून पाजू नका. मांडीवर घ्या, डोकं उंच ठेवा, चमचा गालाच्या आतल्या बाजूला टेकवून हळूच कलता करा. नाक दाबून पाजण्याची जुनी रीत माझ्यासमोर कुणी केली तर मी हात धरते, कारण पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. दुधाची बाटलीही नको. तिच्यातून भराभर जातं आणि ती नीट धुतलीही जात नाही.

सगळ्यात अवघड काय असतं तर मूल वाटी हिसकावतं तेव्हा मन घट्ट करणं. ते तहानलेलं आहे हे दिसत असतं आणि आपण चमचाच देत असतो. आजी कळवळून म्हणतात, “अगं, पिऊ दे की त्याला पोटभर!” मी त्यांना सांगते, “आजी, पोटभर पाजलं तर पोटात काहीच राहणार नाही.” उलट्या थांबून अर्धा-पाऊण तास गेला की मग लहान लहान घोट चालतात.

किती पाजायचं? पाणी कमी झाल्याची लक्षणं दिसत असतील तर पहिल्या चार तासांत किलोला 75 मिलिलिटर. म्हणजे दहा किलोच्या मुलाला 750 मिलिलिटर, दीडशे चमचे. एका बाईनं एकटीनं करायचं हे काम नाही. बाबा, आजी, मोठी बहीण असे पाळीनं बसा. पुढे दर पातळ शौचानंतर दोन वर्षांच्या आतल्या बाळाला 50 ते 100 मिलिलिटर आणि त्याहून मोठ्याला 100 ते 200 मिलिलिटर द्या. अंगावरचं दूध एकदाही बंद करू नका.

हे चमचा-वाटीचं काम कमी लेखणाऱ्यांना मी पश्चिम बंगालमधल्या बनगावची गोष्ट सांगते. 1971 च्या बांगलादेश युद्धात लाखो निर्वासित बंगालच्या सीमेवर आले आणि छावण्यांत कॉलरा पसरला. सलाइन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा घातलेलं पाणी पिंपांत तयार करून ठेवलं आणि ते रोग्यांना पाजायचं काम नातेवाइकांवर सोपवलं. छावणीतल्या कॉलऱ्याच्या रोग्यांत शंभरामागे सुमारे तीस मृत्यू होत होते, ते चाराच्या खाली आले. 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

बाकीच्या सल्ल्यांबद्दल थोडक्यात. “पाणी दिलं की जुलाब वाढतात” हे खरं नाही. शौच दिसायला वाढलं तरी शरीराला पाणी मिळत असतं. पोटाला आराम म्हणून उपाशी ठेवू नका. मऊ भात, मुगाची खिचडी, मीठ घातलेली पेज, केळं, जे खाईल ते थोडं थोडं द्या. जायफळ उगाळून चाटवू नका, त्यानं मूल पेंगतं. पेंगणं तर आपण धोक्याची खूण म्हणून बघत असतो, मग ती ओळखायची कशी? जुलाब बांधणाऱ्या मोठ्यांच्या गोळ्या लहान मुलांना कदापि नकोत. आणि मूल तोंडानं पीत असेल तर डॉक्टरांच्या मागे “बाटली चढवा” म्हणून लागू नका.

घरी थांबायचं नाही ती लक्षणं पाठ करून ठेवा. शौचात रक्त, चमचाही न ठरणं, पिणंच सोडून देणं, हाक मारली तरी जागं न होणं, सहा-आठ तास शू न होणं, खूप ताप. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडा. ती सावकाश सपाट होत असेल तर निघा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर लक्षणांची वाटच बघू नका. वाटेतही चमचा चालू ठेवा.

शेवटी जुलाबात द्यायच्या झिंकच्या गोळ्या. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज 20 मिलिग्रॅम आणि दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला 10, चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून, 14 दिवस. चौथ्या दिवशी जुलाब थांबतात आणि उरलेल्या गोळ्या फळीवर पडून राहतात. पंधरवड्यानंतर मी घरी येते तेव्हा आधी ते पाकीट बघायला मागते.