डिस्क डावीकडेच का पळते? डिस्क गोल्फला जाताना या चुका टाळा

उन्हाळ्यात भारतातून पाहुणे आले की सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियातल्या मराठी घरांच्या सहली ठरलेल्या असतात: गोल्डन गेट पूल, मॉन्टेरे, फार तर एखादी वायनरी. अलीकडे त्यात डिस्क गोल्फची भर पडते आहे. आजच्या रूपातला हा खेळ कॅलिफोर्नियातलाच. पहिलं कायमचं मैदान १९७५ मध्ये पॅसाडेनाजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये झालं आणि साखळ्या लोंबणारी बास्केट घडवली ती एड हेड्रिक यांनी. टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, डिस्क फेकायची, पडेल तिथून पुढे फेकायची, कमीत कमी फेकींत बास्केटमध्ये टाकायची. एवढं ऐकून माणूस म्हणतो, "हात्तिच्या! फ्रिस्बीच की." इथूनच घोळ सुरू होतो.

सगळ्यात लांब जाणारी डिस्क घेणं

मीही हेच केलं होतं. दुकानात ज्या डिस्कवर सगळ्यात मोठा आकडा होता तीच उचलली. डिस्कवर बहुधा चार आकडे असतात: वेग, तरंगणं, सुरुवातीचा उजवा कल आणि शेवटचा डावा कल. (हे कल उजव्या हाताने बॅकहँड फेकणाऱ्यासाठी, डावखुऱ्यांनी उलटं वाचावं.) डिस्ट्रॉयर या नावाजलेल्या ड्रायव्हरवर (लांब फेकीच्या डिस्कवर) १२, ५, -१, ३ असं असतं. त्यातला १२ म्हणजे ती तेवढी लांब जाईलच असं नाही. तिला नीट उडायला तेवढा वेग तुमच्या हातातून मिळायला हवा. तो मिळाला नाही की ती उजवीकडे कलतच नाही, थेट डावीकडे झाडीत घुसते. नवख्याने एव्हिअरसारखा पटर, म्हणजे जवळच्या फेकीची डिस्क, घ्यावा (२, ३, ०, १), जोडीला मधल्या अंतराची एखादी मिडरेंज. दोन डिस्क पुष्कळ झाल्या. डझनभर डिस्कची पिशवी खांद्यावर शोभते, पण चढावर जीव काढते.

पटरही डावीकडेच जातोय? मग फेकताना डिस्कची पुढची कड वर उचलली जाते आहे. ती हवेत चढते, थबकते आणि डावीकडे घसरते. भरल्या ताटातली आमटी सांडू नये म्हणून ताट जसं आडवं धरतो, तशी डिस्क छातीजवळून सपाट ओढा. जोर कमी करा; अंतर बहुतेक वेळा वाढतंच.

गोल्डन गेट पार्कच्या मैदानावर मात्र उलटाही अनुभव येतो. समुद्रावरचा वारा समोरून आला की तीच डिस्क उजवीकडे पलटी खाते. अशा वेळी डिस्क फार उंच न जाऊ देता, जमिनीलगत फेका. आणि जुलै असला तरी स्वेटर न्या.

झाडीत हात घालणं

सांताक्रूझचं डेलाव्हिएगा मैदान माझं सगळ्यात आवडतं, पण तिथे पॉयझन ओक (अंगावर पुरळ उठवणारं झुडूप) माजलेला असतो. तीन-तीन पानांचा गुच्छ, उन्हाळा सरता सरता लालसर. दिसायला इतका देखणा की पाहुणे त्याच्या शेजारी फोटो काढतात! आपल्याकडे बिब्बा उततो ना, तोच हा प्रकार. कूळही एकच, आणि आंबाही त्यातलाच. पुरळ बहुधा एक-दोन दिवसांनी उठतं, त्यामुळे कारण लवकर ध्यानात येत नाही. पूर्ण पँट घाला, डिस्क काठीने ओढून घ्या, घरी आल्यावर हातपाय साबणाने धुवा. कपडे आणि डिस्कसुद्धा, कारण त्यांवर चिकटलेलं तेल नंतरही अंगाला लागतं. हिवाळ्यात पानं झडली तरी फांद्या तितक्याच वाईट.

घोळका करून खेळणं

आठ जणांची आपली वरात, त्यात प्रत्येकाला तीन-तीनदा फेकायचं असतं. मागे खोळंबलेले लोक तोंडाने काही बोलत नाहीत, पण चारचारांचे गट करा आणि वेगाने खेळणाऱ्यांना पुढे जाऊ द्या. पुढचा गट टप्प्याबाहेर गेल्याशिवाय फेकू नका. फेकलेली डिस्क कुणाच्या दिशेने गेलीच तर लाज न बाळगता "फोर!" ओरडा. डिस्कची कड कडक असते, डोक्याला लागली तर खोक पडते. आजी-आजोबांना फेकणाऱ्याच्या मागेच उभं करा.

डिस्कच्या पाठीवर फोन नंबर मात्र घरूनच लिहून न्या. डेलाव्हिएगाच्या सत्ताविसाव्या होलवर (टीपासून बास्केटपर्यंतचा एक डाव म्हणजे होल), ज्याला सगळे टॉप ऑफ द वर्ल्ड म्हणतात, समोर मॉन्टेरेचा उपसागर पसरलेला दिसतो आणि भल्याभल्यांना जोर लावायचा मोह होतो. उतारावर डिस्क हवेत जास्त वेळ राहते, म्हणजे डावीकडे वळायलाही तिला जास्त वेळ मिळतो. माझा नारिंगी पटर तिथेच खाली कुठेतरी आहे. त्यावर नंबर नव्हता.