स्पीड रीडिंगची ॲप्स वापरताय? या चुका टाळा

हे वाक्य बघा: ‘डॉक्टरांनी ही गोळी उपाशीपोटी घ्यायला सांगितली नव्हती.’ सात शब्द. स्क्रीनच्या मधोमध एकेक शब्द झळकवणाऱ्या ॲपमध्ये ते टाका आणि वेग मिनिटाला ५०० शब्दांवर ठेवा. अख्खं वाक्य एका सेकंदाच्या आत संपतं. शेवटच्या ‘नव्हती’च्या वाट्याला १२० मिलिसेकंद येतात, आणि पापणी लवायलाही निदान तेवढा वेळ लागतोच. नेमकी तेव्हाच पापणी लवली तर तुम्ही ‘सांगितली’पाशीच थांबता. वाक्य पूर्ण वाटतं, काही निसटल्याची शंकाही येत नाही, आणि अर्थ मात्र बरोबर उलटा झालेला असतो.

मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार बहुतेकदा त्याच्याही मागून. त्यामुळे ही जोखीम आपल्याला रोजची आहे.

मी ही साधनं बरीच वापरली आहेत, त्यातलं एक अजूनही वापरते. ती काढून टाका असं माझं म्हणणं नाही. पण ती शब्द डोळ्यांसमोरून लवकर नेतात, डोक्यात लवकर शिरवत नाहीत. बहुतेक चुका हा फरक विसरल्यामुळे होतात.

ॲपवरचा आकडा म्हणजे आपला वाचनवेग, असं धरून चालणं

ॲपवर ६०० दिसतं, याचा अर्थ त्याने मिनिटाला ६०० शब्द दाखवले. त्यातले तुमच्यापर्यंत किती पोचले, हे त्याला कळायला मार्ग नाही. माझा आकडा तीन आठवड्यांत २२० वरून ४८० वर गेला आणि मी हरखून गेले. मग बहिणीला म्हटलं, लेख तू निवड, प्रश्नही तूच काढ. दहापैकी चार उत्तरं बरोबर आली. तेवढ्याच लांबीचा दुसरा लेख मी नेहमीसारखा वाचला, तेव्हा नऊ आली. लेख कशाबद्दल आहे हे मला दोन्ही वेळा सांगता येत होतं. कुणी, कधी, का आणि कोणत्या अटीवर, हे मात्र फक्त दुसऱ्या वेळी.

तुम्हीही अशीच चाचणी घ्या, पण दोन गोष्टी सांभाळा. एकच मजकूर दोनदा वापरू नका. दुसऱ्या वेळी वेग वाढणारच, त्याचं श्रेय ॲपला जाऊ नये. आणि तेच प्रश्न लेख अजिबात न वाचलेल्या माणसालाही विचारा. सामान्यज्ञानावर तो जितकी उत्तरं बरोबर देईल, ती तुमच्या गुणांतून वजा करा. अनेक ॲप्समधल्या चाचण्यांचे प्रश्न इतके ढोबळ असतात की मजकूर न वाचताही निम्मे सुटतात. तिथे ‘आकलन ८० टक्के’ आलं म्हणून खूश होण्यात अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट. २०१९ मध्ये १९० अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला गेला, तेव्हा मोठ्या माणसांचा इंग्रजी मनात वाचण्याचा सरासरी वेग माहितीपर मजकुरासाठी मिनिटाला २३८ आणि कथा-कादंबऱ्यांसाठी २६० शब्द निघाला. हा आकडा घेऊन स्वतःचं मराठी वाचन मोजू नका. ‘घरासमोरच्या झाडाखाली’ हे आपले दोन शब्द. इंग्रजीत तेवढंच सांगायला सात-आठ लागतात. विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय शब्दालाच चिकटत असल्यामुळे आपला एकेक शब्द जास्त ओझं वाहतो. मराठीत कमी आकडा आला म्हणजे तुम्ही संथ वाचता, असा निष्कर्ष काढू नका. तुलना करायचीच तर स्वतःच्या मागच्या महिन्याशी करा.

सगळा दोष डोळ्यांवर टाकणं

‘एका नजरेत अख्खी ओळ टिपायला शिका’ अशी जाहिरात आजही दिसते. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत एव्हलिन वुड यांनी १९५९ मध्ये आपला अभ्यासक्रम सुरू केला, पानावरून हात फिरवत वाचण्याची पद्धत त्यामुळेच गाजली, आणि पुढे अध्यक्ष जिमी कार्टर यांनीसुद्धा असे धडे घेतले.

पण डोळ्याची रचना शिकवणीने बदलत नाही. हात लांब करून अंगठा धरा. साधारण त्याच्या रुंदीएवढाच भाग डोळ्याला खरोखर स्पष्ट दिसतो. वाचताना नजर एका जागी सुमारे पाव सेकंद थांबते, मग उडी मारते, पुन्हा थांबते. इंग्रजी वाचताना ही उडी सरासरी सात ते नऊ अक्षरांची असते, आणि उजवीकडच्या चौदा-पंधरा अक्षरांपलीकडचं काही उपयोगाचं हाती लागत नाही. बाकीची ओळ धूसरच असते. नजर रुंद करण्याचे व्यायाम कितीही केले तरी हे हटत नाही.

शिवाय वेळ खरा जातो तो शब्द ओळखण्यात आणि मागच्या शब्दाशी जोडण्यात. नेहमीच्या शब्दावर नजर कमी थांबते, अनोळखी शब्दावर जास्त. १९८० च्या दशकात स्पीड रीडिंग शिकलेले वाचक, नुसती नजर फिरवणारे वाचक आणि नेहमीसारखं वाचणारे अशी तुलना झाली. सोप्या मजकुराचा गोषवारा सांगण्यात शिकलेल्यांना नजर फिरवणाऱ्यांपेक्षा किंचित फायदा दिसला. बारकाव्यांचे प्रश्न आले की तोही गेला, आणि सावकाश वाचणारे दोघांच्याही पुढे राहिले. २०१६ मध्ये कीथ रेनर आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या संशोधनाचा जो आढावा घेतला, त्याचा निष्कर्षही हाच: वेग दुप्पट-तिप्पट केला तर आकलन तेवढंच राहत नाही.

मागे जाऊन वाचण्याला वाईट सवय म्हणणं

मला सगळ्यात जास्त खटकते ती हीच चूक, कारण तिच्यामुळे चांगले वाचकही स्वतःला कमी लेखू लागतात. सराईत वाचकांच्याही नजरेच्या १० ते १५ टक्के उड्या मागे जाणाऱ्या असतात. ती समज दुरुस्त करण्याची सोय आहे. २०१४ मधल्या एका प्रयोगात वाचून झालेले शब्द स्क्रीनवरून झाकत नेले, म्हणजे मागे जाऊनही काही मिळू नये. आकलन घसरलं.

एकेक शब्द झळकवणारी ॲप्स नेमकी हीच सोय काढून घेतात. म्हणून ॲप निवडताना ‘एक वाक्य मागे’ असं बटण आहे का, हे आधी बघा. नसेल तर दुसरं घ्या. आणि प्रत्येक ओळीवरच तुम्हाला मागे यावं लागत असेल, तर वेगाचे धडे बाजूला ठेवून कारण शोधा. मजकुरातले शब्दच अनोळखी आहेत का? चष्म्याचा नंबर बदललाय का? फोन दर मिनिटाला वाजतोय का? झोप कमी झाली आहे का? माझ्या बाबतीत निम्म्या वेळा फोनच निघाला.

मनातला आवाज दाबणं

वाचताना गुणगुणा, आकडे मोजा, म्हणजे मनातलं उच्चारण थांबेल, असा सल्ला मिळतो. तो ऐकू नका. तो आवाज वाक्याची सुरुवात धरून ठेवतो, शेवटचं क्रियापद येईपर्यंत. सोप्या मजकुरात तो दाबून फारसं बिघडत नाही, अवघड मजकुरात समज उणावते.

अर्धी अक्षरं ठळक केली की मेंदू धावतो, असं मानणं

प्रत्येक शब्दाची सुरुवात ठळक करणारं ‘बायोनिक रीडिंग’ २०२२ मध्ये समाजमाध्यमांवर खूप फिरलं. त्याच वर्षी २,०७४ लोकांवर त्याची चाचणी झाली. सरासरी वेग वाढला तर नाहीच, मिनिटाला २.६ शब्दांनी कमी झाला. २०२४ च्या संशोधनातही फायदा आढळला नाही. कुणाला असा मजकूर डोळ्यांना बरा वाटत असेल तर खुशाल वापरावा, नुकसान काही नाही.

देवनागरीत मात्र वेगळीच अडचण येते. ही साधनं रोमन अक्षरं मोजायला बनलेली असतात. ‘स्थिती’ किंवा ‘क्षेत्र’ यांसारखा शब्द ती मधेच तोडतात, मग जोडाक्षर फुटतं, मात्रा सुटी पडते आणि तिच्याशेजारी ठिपक्यांचं वर्तुळ उगवतं. शब्दातलं एक अक्षर लाल करणाऱ्या ॲप्समध्येही हेच होतं. मराठीसाठी पैसे भरण्याआधी फुकटच्या आवृत्तीत जोडाक्षरांनी भरलेला एक परिच्छेद टाकून बघा.

वापरताना त्रास होत असेल तर

डोळे चुरचुरत असतील तर पापण्यांकडे लक्ष द्या. शब्द चुकेल या धास्तीने आपण पापणी लववायचंच टाळतो. २०१४ मध्ये गाजलेल्या ‘स्प्रिट्झ’ या एकेक शब्द झळकवणाऱ्या तंत्राचा पुढच्या वर्षी अभ्यास झाला, त्यात वाचकांची पापणी कमी लवत होती आणि डोळ्यांवरचा थकवा वाढला होता. दर दोन-तीन मिनिटांनी आपोआप थांबण्याची सोय असेल तर ती चालू करा.

वाक्यं एकमेकांत मिसळत असतील तर विरामचिन्हांवर जास्त थांबण्याची आणि लांब शब्दांना जादा वेळ देण्याची सेटिंग शोधा. बऱ्याच ॲप्समध्ये ती असते, पण बंद ठेवलेली. एकाऐवजी दोन-तीन शब्द एकत्र दाखवता आले तर मराठीत फरक पडतो, कारण ‘करून’ आणि ‘घेतलं नाही’ यांची ताटातूट होत नाही. वेग तुमच्या नेहमीच्या वेगापेक्षा दहा-पंधरा टक्क्यांनी जास्त ठेवा, त्याहून नको.

थोडं वाचून मन भरकटत असेल तर झळकणाऱ्या शब्दांऐवजी ओळीवरून सरकणारी पट्टी घ्या. मी आजही वापरते ती हीच. पट्टी पुढे गेली तरी मजकूर जागेवर असतो आणि मागे बघता येतं. बोटानेही तेच काम होतं.

आणि वेळच वाचवायचा असेल तर ॲप उघडण्याआधी एक मिनिट मजकुरावर घालवा: शीर्षकं, प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य, शेवट. यातलं किती आपल्याला हवं आहे ते तिथेच ठरतं. चाळीस पानांतली सहा पानं नीट वाचली तर उरलेल्या चौतिसांचा वेळ वाचतो. तेवढा वेळ मला कुठल्याही ॲपने वाचवून दिलेला नाही. सहाही पानं जड वाटली तर त्याच विषयावरचं एखादं सोपं प्रकरण आधी वाचा. शब्द ओळखीचे झाले की नजर आपसूक कमी थांबते.

करारपत्र, औषधाची चिठ्ठी, परीक्षेचा प्रश्न, कविता: यांच्यासाठी मी ॲप बंद ठेवते. ओळखीच्या विषयावरच्या बातम्या, एकदा वाचलेल्या नोट्सची उजळणी आणि लांबलचक ईमेल यांच्यासाठी पट्टी चालू असते, आणि ईमेलमध्ये तारीख किंवा रक्कम दिसली की तिथेच थांबवते.